पानातलं मीठ

आपला धंदा आपण निवडावा, असं भागीरथीबाई संस्थानातल्या तरुणांना शिकवत. राजेसाहेबांनी ऐन पंगतीत त्यांना सुनावलं, "कोणी कोणता धंदा करायचा, ते आम्ही ठरवू. पोरांना काय कळतंय? उद्यापासून तुमचा वर्ग बंद!"

बाईंनी हातातला घास पानात ठेवला. तेवढ्यात राजेसाहेबांनी पानातलं चिमूटभर मीठ उचलून आमटीत घातलं.

"आचारी नवा आहे का, महाराज?" बाईंनी विचारलं.

"छे! तीस वर्षं आमच्याच मुदपाकखान्यात आहे."

"मग त्याने घातलेलं मीठ पुरेना?"

"जीभ आमची आहे, बाई. त्याला काय कळणार?"

"मी वर्गात एवढंच शिकवते, महाराज."

राजेसाहेबांनी सावकाश आमटी भुरकली.

"वर्ग चालू द्या," ते म्हणाले. "फक्त आमच्या आचाऱ्याला त्यात घेऊ नका."