रामगंगेचे दार

माणसाने आरी घडवली नव्हती, त्या काळी रानातली सगळी सुतारकामे सुतारपक्षीच करी. रामगंगा या चिमणीएवढ्या पक्षिणीने पांगाऱ्यातली आपली जुनी ढोली त्याच्याकडून खोल करून घेतली. अंडी घालायला चारच दिवस उरले होते. काम पाहून ती हबकली.

"दादा, दार केवढं केलंत हे? यातून कावळा आत येईल."

"हवा खेळती राहते, ताई. सगळे असंच करून घेतात."

"सगळ्यांचं राहू द्या. तुम्ही जरा आत बसून बघा."

तो कुरकुरत आत बसला. तेवढ्यात कावळ्याने दारातून मान आत घातली. सुतारपक्षी अंग चोरून तळाशी गेला. त्याची लांब चोच पाहून कावळा उडाला खरा, पण अंड्यांना कुठली चोच?

तो ओशाळून बाहेर आला. "मी माझ्याच मापाने केलं," तो म्हणाला.

कोरलेले दार पुन्हा लहान होत नाही. त्याने शेजारच्या फांदीत नवी ढोली कोरायला घेतली. रामगंगा त्याला अळ्या आणून भरवत राहिली.

चौथ्या दिवशी ती आत शिरली. दार इतके लहान होते की त्याला डोकावताही येईना.

"आतून कसं आहे, ताई?" त्याने बाहेरूनच साल ठोकत विचारले.

"अंधार आहे, ऊब आहे," आतून आवाज आला. "आता ठोकाठोक थांबवा, दादा. मला अंडी घालायची आहेत."