कातडं बाहेर ठेवा

भक्तहो, त्या श्रावणात उदासगिरी महाराज सह्याद्रीच्या पायथ्याला वाघजडे गावात उतरले होते. नाव उदासगिरी, पण त्यांना उदास पाहिलेला माणूस काही सापडत नाही.

गावाच्या डोक्यावर देवराई. राईत उंच कड्यावरून पडणारी धार, आणि धारेला लागून धारजाईचं देऊळ. या राईत कुऱ्हाड चालत नाही आणि कातडं आत जात नाही. वेशीच्या दगडापाशी जोडे काढायचे, चामड्याची पिशवी ठेवायची, मग पुढे. नियम चांगला आहे.

फक्त तो विसाजीपंत खोतांच्या हातात होता.

सोमवारी सगळं गाव महाराजांबरोबर धारेवर निघालं. मागून जोडे शिवणारा रायबा आला, हातात लोटा घेऊन. त्याची बायको रखमा तापाने फणफणली होती. धारेचं पाणी तिला पाजीन, असा त्याने देवीला शब्द दिला होता.

दगडापाशी पंतांनी काठी आडवी धरली.

"कुठे निघालास?"

"पाण्याला, पंत. जोडे घरीच ठेवलेत."

"जोडे ठेवलेस रे, पण हात? कातड्यातच मुरलेत ते. लोणच्याच्या बरणीला धुऊन वास जातो का?"

लोक हसले. हसायलाच हवं होतं. शेताचा खंड पंतांकडे भरायचा होता.

महाराज म्हणाले, "पंत, आत ढोल कशाचा वाजतोय?"

"देवीचा ढोल आहे तो, महाराज."

"मढवलाय कशाने?"

"बकऱ्याच्या..." पंत अडखळले. "पण ते कातडं देवीचं झालं."

"गेल्या साली मीच मढवला," रायबा हळूच म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"नियम म्हणजे नियम," पंत म्हणाले. "कातडं आत जाणार नाही."

"बरं," महाराज म्हणाले. "आई, ऐकलंस ना? पंत म्हणतात तसं कर."

आणि ढोल थांबला.

म्हणजे धाकू गुरव वाजवतच होता. टिपरी पडत होती, हात दुखत होता. पण पोत्यावर मारावं तसं, आवाज नाही. तो घाबरून बाहेर धावत आला. इकडे पंत तोऱ्यात दगड ओलांडायला गेले. उजवा पाय आत पडला आणि तिथेच रुतला. डावा बाहेर. पुढे होईना, मागे होईना.

तुम्ही विचाराल, पंतांनी तर जोडे काढले होते. काढले होते. पण अंगावरचं कातडं? ते कोण काढून ठेवणार?

पावसाळी राई ती. उभ्या माणसाला जळवा शोधत येतात. एक पोटरीवर चढली, दुसरी गुडघ्यावर, तिसरी धोतरात शिरली.

"महाराज, काहीतरी करा."

"मी काय करू? नियम तुमचा. ज्याला अडवलंत त्याने हात धरून नेलं, तर आई ऐकेल कदाचित."

रायबा पुढे झाला आणि थबकला. "माझा हात चालेल ना, पंत? लोणच्याची बरणी..."

"चालेल रे बाबा, धर. ती वर चढतेय."

रायबाने हात धरला. पाय सुटला. देवळात गुरव नसतानाच ढोल घुमला.

पंतांनी हात सोडून पाहिला. पाऊल पुन्हा रुतलं. मग मात्र त्यांनी तो हात जत्रेत पोर आईचा धरतं तसा घट्ट धरला. रायबा धारेखाली गेला, पंत धारेखाली गेले. पगडी भिजून तिचं पागोटं झालं. रायबाने एका हाताने लोटा भरला, देवीपुढे डोकं टेकलं, आणि घराकडे पळत सुटला. मागे पंत, निथळत. साऱ्या गावाने दारात येऊन पाहिलं.

रखमाने घोटभर पाणी घेतलं. थोड्या वेळाने तिला घाम फुटला, अंग निवलं. डोळे उघडून ती म्हणाली, "भूक लागलीय." मग नवऱ्याच्या हाताला लटकलेले खोत दिसले. "अहो, यांना काय झालं?"

महाराज दारात उभे होते. "सुटलात पंत. आता सोडा हात."

पंत सोडीनात. नमस्काराला तर दोन हात लागतात. तेव्हा त्या उंबरठ्यावर विसाजीपंत खोत गुडघ्यांवर बसले, रायबाचा हात आपल्या दोन्ही तळव्यांमध्ये तसाच राहू दिला, आणि त्यावर कपाळ टेकवलं.