कातळवेळची मिठाची जत्रा

कातळवेळच्या किनाऱ्यावर उतरताना जांभ्याच्या पायऱ्या लागतात. त्यांच्या उजव्या अंगाला एक झरा आहे, अगदी लहान, दोन माणसं जेमतेम बसतील एवढं त्याचं कुंड. वैशाखी पुनवेला इथे वेळजाई देवीची जत्रा भरते. गाड्या भरभरून कुटुंबं येतात, मुलांच्या हातात चेंडू, बायकांच्या हातात डबे. या सगळ्यांना गावातले म्हातारे आबा तांडेल कुंडापाशी अडवतात. घरून आणलेलं पाणी आधी कुंडात ओतायचं, मगच समुद्रात जायचं. परतताना झऱ्यावर पायसुद्धा धुवायचे नाहीत. अंगावरचं मीठ अंगावरच घेऊन घर गाठायचं. एखाद्याने हसून "एवढ्याशा पाण्याने काय होणार, काका?" म्हटलं की आबांचा पारा चढतो. मग ते त्याला तिथेच उन्हात उभं करून ही हकिगत ऐकवतात. सावलीत बसून ऐकण्यासारखी ती नाही, असं त्यांचं म्हणणं.

फार जुन्या काळी कातळवेळला विसाजी खोत होता, असे सांगतात. त्याचं मालाने भरलेलं गलबत वादळात सापडलं, तेव्हा त्याने देवीला नवस केला. गलबत परत आलं तर वैशाखात जत्रा भरवीन, पंचक्रोशीला समुद्रस्नानाला बोलावीन आणि एकाही पाहुण्याला अंगावर मीठ घेऊन परत जाऊ देणार नाही. गलबत आलं. खोताने जत्रा भरवली. बैलगाड्या आल्या, मचवे आले, वाळूवर चुली पेटल्या. लोक समुद्रात डुंबले आणि खोताच्या शब्दाला मान देऊन अंग धुवायला झऱ्यावर आले.

आता वैशाखात कातळवेळच्या विहिरी खाऱ्या होतात. गोडं पाणी काय ते या एका झऱ्याचं, आणि तेही करंगळीएवढ्या धारेचं. गाव एरवी रांगेने एकेक घागर भरायचं. हे खोताला ठाऊक नव्हतं असं नाही. पण खोताच्या वाड्यावर पाण्याचे रांजण भरलेले होते, आणि भरल्या रांजणाच्या माणसाला दुसऱ्याची घागर दिसत नाही, असं आबा ठासून सांगतात.

गावात येसू नावाची विधवा होती. मिठागरावर राबून ती पोट भरायची. तिची एकुलती लेक सुंदरा बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, तान्ही ठणठणीत होती, पण सुंदरेला ताप भरला. ती सारखं पाणी मागत होती. घरातलं पाणी संपलं तशी येसू घागर घेऊन झऱ्यावर धावली.

कुंडाभोवती पाहुण्यांची झुंबड होती. कुणी शिकेकाईने डोकं धुत होतं, कुणी पोरांना चोळत होतं, एकाने तर बैल आणले होते. खोताचे गडी काठ्या घेऊन उभे.

"पावण्यांचा होवंदे, मगे तुझा," गडी म्हणाला.

येसू थांबली. दुपार झाली तरी थांबलीच होती. शहाळी होती की, असं शहरातलं कुणीतरी इथे हमखास म्हणतं. होती ना. माड खोताचे होते आणि शहाळी जत्रेसाठी उतरवलेली होती. शेवटी येसू सरळ खोतापुढे जाऊन उभी राहिली.

"लेक तापान फणफणता, खोतानू. एक घागर व्हयी."

"माझो नवस आसा, येसू. देवीक काय सांगू? जरा दम धर."

"नवस तुमचो, खोतानू. पाणी गावाचा."

पाहुण्यांसमोर असं बोलणं ऐकून खोताचा अहंकार दुखावला. त्याने तिला मागे सारायला लावलं. ऊन कलल्यावर पाहुणे आटोपले, तेव्हा तिला अर्धी घागर गढूळ पाणी मिळालं, वर शिकेकाईचा फेस. ती घरी पोचली तर सुंदरा गेलेली होती. ते पाणी लेकीच्या शेवटच्या अंघोळीला लागलं.

येसू रडली नाही म्हणे. तान्हीला तिने शेजारणीच्या पदरात दिलं, लेकीला अग्नी दिल्यावर ती मिठागरावर गेली आणि तिथून मिठाचा हारा, भली मोठी टोपली, डोक्यावर घेऊन झऱ्यावर आली. जत्रेचा दुसरा दिवस होता, पाहुणे परत अंघोळीला जमले होते. कुणाला काही कळायच्या आत तिने हारा कुंडात पालथा केला. खोत धावत आला. ज्याला गाव अहो-जाहो करत असे, त्या खोताला येसू म्हणाली, "आता घाल पावण्यांक न्हाऊक."

पाहुणे तसेच खारवलेले, अंग खाजवत, शिव्या देत निघाले. वाहता झरा असा एका हाऱ्याने खारा व्हायचा नाही, हे कुणालाही कळतं. पण तो झाला, आणि खाराच राहिला. गावाला खाडीपलीकडून पाणी आणावं लागलं. गावही येसूवर उलटलं. खोताने तिला हाकलून द्यावं म्हणून देवीच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल लावला. देवीने डावा कौल दिला, म्हणजे नकार. पुन्हा लावला, पुन्हा डावा. नवस पोचला का, असं विचारलं तेव्हा तर पाकळी हललीच नाही.

खोत घाबरला. त्याने येसूलाच विचारलं, आता काय करू?

"ज्यांनी न्हेला, त्यांनीच परत आणून ओतूचा," येसू म्हणाली. "तू ओतून चलाचा नाय."

मग विसाजी खोत अनवाणी गावोगाव फिरला. ज्यांना मानाने बोलावलं होतं, त्यांच्या दारात घागरभर पाण्यासाठी हात जोडून उभा राहिला. कुणी हसले, कुणी दार लावून घेतलं, एकाने अंगावर कुत्रं सोडलं. तरी पुढच्या वैशाखी पुनवेला काही कुटुंबं आपापलं पाणी घेऊन आली आणि त्यांनी ते कुंडात ओतलं. त्या दिवशी झरा गोड झाला, असे सांगतात.

खोताने पहिली घागर भरून स्वतःच्या डोक्यावरून येसूच्या दारात नेली. येसू नातीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने घागरीकडे पाहिलं, खोताकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. खोत बराच वेळ उन्हात उभा राहिला आणि घागर तिथेच ठेवून गेला. मरेपर्यंत येसू खाडीपलीकडचंच पाणी प्यायली. तिच्या मागे नातीने तेच केलं.

आजही पाहुण्यांचं पाणी ओतून झालं की खोतांच्या घरातला वडील माणूस पहिली घागर घेऊन त्या घरासमोर जातो आणि हाक मारतो. आत माणसं असतात, भांड्यांचे आवाज येतात. दार उघडत नाही. तो उन्हात उभा राहतो आणि घागर ठेवून परत फिरतो.

ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी दरवर्षी विचारतं, इतक्या पिढ्या झाल्या, आता दार उघडायला काय हरकत आहे?

आबा त्याच्या हातातल्या बाटलीकडे बघतात. "उघडलं," ते म्हणतात, "तर पुढच्या वर्षी तुम्ही पाणी आणाल?"