बर्फाला कापूस म्हणणारं गाव

दोष अंतोबा कारभाऱ्याचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर शेवटी मोठी माणसं हात झटकतात आणि म्हणतात, नशीब.

ढगांच्याही वर, जिथे डोंगर निळ्या काचेसारखे दिसतात, तिथे धवळखोरं नावाचं गाव होतं. गावाच्या टोकाला एका इवल्याशा खोपटात सुंद्री राहायची. वय नऊ. आई नव्हती. बाप राणू गावाची मेंढरं घेऊन वरच्या कुरणावर गेलेला असायचा. सुंद्रीच्या बुटांत चामडं कमी आणि गवत जास्त होतं. चांगली म्हणावी अशी एकच वस्तू तिच्याकडे होती: आईनं विणलेली लालचुटूक टोपी, शेंड्यावर पिवळाधमक गोंडा असलेली.

गावात एक रीत होती. पहिला बर्फ कधी पडणार ते कारभाऱ्यानं जत्रेत आधी सांगायचं, आणि पडला की चावडीवरचं शिंग फुंकायचं. शिंग ऐकलं की मेंढपाळ कळप घेऊन खाली उतरत. शिंगाआधी जो उतरेल तो भित्रा. त्यानं वर्षभर चावडीच्या पायऱ्यांखाली बसायचं. असल्या रीती कोण काढतं? जे स्वतः कधी कुरणावर जात नाहीत ते.

यंदा अंतोबानं जत्रेत छाती ठोकून सांगितलं होतं, "अवसेनंतर आठव्या दिवशी! त्याआधी एक पांढरा कण दिसला तर मिशी उतरवीन."

बर्फ अवसेच्या चार दिवस आधीच आला.

सकाळी आभाळातून चिमुकल्या पाकळ्या उतरू लागल्या. कुंपणं रुपेरी झाली, शेणाच्या ढिगालासुद्धा साखरेची टोपी चढली. सुंद्रीला आधी फार गंमत वाटली. मग तिची नजर वरच्या कुरणाकडे गेली. तिचा आबा, राणू, वर होता. त्याच्यासोबत अंतोबाचा एकुलता एक मुलगा शिदूही होता.

ती धावत चावडीवर गेली. सगळी जाणती माणसं शेकोटीभोवती बसली होती. सगळ्यांच्या डोक्यांवर बोटभर बर्फ होता.

"कारभारीआजा, शिंग फुंका ना. बर्फ पडतोय."

"बर्फ? कुठाय बर्फ?" भुवईवरचा बर्फ पुसत अंतोबा म्हणाला. "शेवरीचा कापूस आहे तो."

"पण आपल्याकडं शेवरीचं एक झाड नाही."

"खालून येतो वाऱ्यानं. राणूची पोर ना तू? बाप मेंढरं राखतो नि पोर कारभाऱ्याला अक्कल शिकवते!"

सगळे हसले. सगुणाबाई तर मांडीवरचा बर्फ झटकता झटकता म्हणाली, "मलाही बाई कापूसच वाटतो." तिचे दात थडथडत होते. दिसत सगळ्यांना होतं. पण कारभाऱ्याला खोटं पाडायचं म्हणजे उद्या चावडीवर बसायची चोरी. त्यापेक्षा वर दोन माणसं गारठली तर गारठली.

सुंद्री डोळे पुसत चावडीमागच्या सफरचंदाच्या बागेत गेली. तिथे एका फांदीखाली काहीतरी लुकलुकत होतं. अंगठ्याएवढी परी! निळसर झगा, केसांत दंवाचे मणी, आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखे दोन नाजूक पंख, फांदीच्या सालीला गोठून चिकटलेले. सुंद्रीनं हळूहळू फुंकर घालून ते सोडवले. मग डोक्यावरची टोपी काढून परीला तिच्यात गुंडाळलं. स्वतःचे कान लालबुंद झाले तरी टोपी परत घेतली नाही.

"मी हिमकळी," टोपीतून इवलासा आवाज आला. "जिथे जिथे पहिला बर्फ पडतो तिथे मी जाते. तळ्याकाठी जो कुणी पहिला कण बघेल, मूल असो की म्हातारं, तो थाळी बडवतो आणि घराघरातून थाळ्या वाजतात. देवदाराच्या रानात बर्फाचे पोकळ गोळे करून आत पणत्या ठेवतात, वाटेच्या दोन्ही कडांना. पल्याडच्या वादळी पठारावर घरापासून कुरणापर्यंत लोकरीचा दोर बांधतात. दोर धरला की आंधळासुद्धा घरी येतो. तुमच्याकडे काय करतात गं?"

"आमच्याकडे कापूस म्हणतात," सुंद्री म्हणाली.

परी म्हणाली, "तीन मागणी माग. पण स्वतःसाठी काही मागायचं नाही. बर्फ थांबव म्हणायचं नाही. आणि प्रत्येक मागण्याआधी चारचौघांत खरं बोलायचं."

तिसरी अट सगळ्यात अवघड होती. तरी सुंद्री परीची टोपी उराशी धरून पुन्हा चावडीवर गेली आणि ओरडली, "बर्फ पडलाय! परीताई, देवदाराच्या रानातले दिवे दे!"

चावडीपासून कुरणापर्यंत बर्फाचे गोळे उमलले. प्रत्येकात सोनेरी, केशरी, गुलाबी ज्योत. अंतोबानं तोंड फिरवलं. "काजवे असतील."

"बर्फ पडलाय! परीताई, तळ्याकाठच्या थाळ्या दे!"

घराघरातल्या फळ्यांवरून थाळ्या उडाल्या आणि हवेत झणझण वाजू लागल्या. डोंगर दणाणला. दिवस कलता कलता दिव्यांच्या ओळीतून मेंढरं उतरली, आणि मागे राणू, दाढीला बर्फाचे गोळे लटकलेले.

"आबा!" सुंद्री त्याच्या कमरेला बिलगली.

"थाळ्या ऐकल्या," राणू धापा टाकत म्हणाला. "वाटलं, गाव येडं झालं. येड्यांच्या गावात भित्रा म्हणून बसावं लागलं तर बसू."

"आणि शिदू?" अंतोबानं विचारलं. पहिल्यांदाच त्याचा आवाज बारीक झाला होता.

"तो आला नाही, कारभारी. लई ओढला. म्हणाला, शिंगाआधी उतरलो तर बापाला मान वर करता यायची नाही."

वर वादळ घोंगावू लागलं. सुंद्रीकडे एकच मागणं उरलं होतं. अंतोबानं तिला हसून घालवलं होतं, तिच्या बापाला वर सोडून दिलं होतं. तरी ती म्हणाली, "परीताई, पठारावरचा दोर दे. शिदूदादासाठी."

टोपीतून परीनं डोकं वर काढलं. "देते. पण या वेळी खरं त्यानं बोलायचं, ज्यानं ते झाकलं."

सगळ्यांनी अंतोबाकडे पाहिलं. अंतोबानं मिशीवरून हात फिरवला. घसा खाकरला. "वारा पडेल जरा वेळानं," म्हणाला. "मग बघू."

वारा पडला नाही. वाटेवरचा एक दिवा विझला. मग दुसरा. मग ओळीनं दहा.

"आजा, म्हणा ना," सुंद्रीनं त्याचा हात धरला. "दोनच शब्द आहेत."

अर्धी वाट काळी झाली तेव्हा अंतोबा उठला. "बर्फ पडलाय," तो म्हणाला, आणि लोकांकडे न बघता पुन्हा म्हणाला, "सकाळपासून पडतोय."

चावडीच्या खांबाला लालभडक दोराची गाठ पडली आणि दोर सळसळत डोंगर चढून गेला. अंतोबानं शिंग काढलं आणि ओठ फाटेस्तोवर फुंकलं. बऱ्याच वेळानं दोर ताणला, हलला. दोर धरून शिदू रांगत आला. त्याला चालता येत नव्हतं.

हिमकळीनं टोपी सुंद्रीच्या डोक्यावर ठेवली. पिवळा गोंडा तिच्या स्पर्शानं चमकू लागला, आणि त्यानंतर कुठल्याच हिवाळ्यात सुंद्रीला थंडी वाजली नाही. "तू स्वतःसाठी काही मागितलं नाहीस, म्हणून हे," परी तिच्या कानात म्हणाली. मग निळी, मोतिया, सोनेरी होत होत ती उजेडात विरघळली, आणि उजेड बर्फात.

शिंग आता सुंद्रीच्या हाताला येईल इतक्या खाली टांगलेलं असतं. जो आधी बघेल तो फुंकतो. पायऱ्यांखाली कुणी बसत नाही.

शिदूच्या दोन्ही पायांची बोटं गेली. अंतोबानं मिशी उतरवली, ती महिन्याभरात पुन्हा आली. शिदू त्याच्याशी पुन्हा कधी बोलला नाही.