पोथीतलं पानी

"...पण महाराज, ज्याला 'ण' म्हणता येत नाही, त्याच्या हातात पोथी द्यायची तरी कशी?"

तुळशीरामाने विचारलं ते जरा चढ्या आवाजातच. मठात रोज पोथी वाचण्याचा मान त्याचा होता, आणि मानाबरोबर ताठाही आला होता.

झालं होतं एवढंच. खंडू नावाचा एक मेंढपाळ वाचायला शिकायचं म्हणून मठात राहिला होता. सकाळी त्याने सर्वांसमोर पहिलीवहिली ओवी वाचली आणि त्यातल्या 'पाणी'ला 'पानी' म्हणाला. लोक खुदकन हसले. तुळशीरामाने त्याच्या हातातून पोथी काढून घेतली आणि त्याला दाराकडे बोट दाखवलं.

खंडू दारापर्यंत गेला खरा, पण तिथेच मांडी ठोकून बसला. शिकल्याबिगर उठनार न्हाय, म्हणाला. दुपार झाली तरी तो हलला नव्हता. तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होता.

"आता तो तरी राहील, नाही तर मी," तुळशीराम म्हणाला.

मठाचे महाराज, नरहरबुवा, वाती वळत होते. त्यांचा हात थांबला नाही.

"तुला 'ण' कोणी शिकवला?"

"माझा मीच शिकलो. नदीवर बसून घोकला. लोक हसायचे, पण हट्ट सोडला नाही."

"त्यानंतर गावी गेलास?"

"नाही..."

तिकडे सगळे तसंच बोलतात, दोन दिवसांत जीभ बिघडते, असं त्याने कारण सांगितलं. कारण खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. त्याला लाज वाटायची. आपल्या माणसांची, आणि त्यांच्यातल्या आपली.

"आई आहे ना?"

"आहे."

"हाक काय मारतोस?"

"आई."

"आणि ती कशाला ओ देते?"



"आये," तुळशीराम म्हणाला. कितीतरी वर्षांनी तो शब्द तोंडात आला आणि त्याला गलबलून आलं.

बुवांनी पोथी त्याच्यापुढे सरकवली. सकाळचीच ओवी वाच म्हणाले, आई समोर बसलीय असं समजून.

तुळशीरामाने वाचायला घेतलं. गळा त्याचा खणखणीत. पण त्या शब्दाशी आला आणि अडखळला.

"...पानी."

दारातून अगदी आदबीने आवाज आला.

"दादा, पाणी म्हना. पाणी."

खंडूचा 'ण' चोख उमटला होता. 'म्हना' तेवढं राहून गेलं होतं.

तुळशीरामाला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तो उठला. खंडूला हाताला धरून आत आणलं आणि आपल्या आसनावर बसवलं.

"उद्या पोथी तू वाच," तो म्हणाला. "तुझ्या तोंडी येईल तशी वाच. कोणी हसलं तर हसू दे. मी पहाटेच गावी निघतो."

मग बुवांकडे वळला. आता त्याच्या आवाजात चढ नव्हता, पण निश्चय होता.

"महाराज, एवढंच सांगा. इतक्या वर्षांनी तिच्यापुढे काय म्हणू... पाणी, की पानी?"

बुवांनी हातातली वात खाली ठेवली.

"आधी तिच्या हातचं पी."