कमानीला तडा गेला तेव्हा

शब्दांना धावण्यासाठी तारेची गरज उरली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. मृण्मयी नावाच्या कुशल रचनाकारिणीने सुट्या भागांचा बिनतारी हेडसेट घडवला. त्यातली डोक्यावर विराजणारी कमान भारी मानी. कानावरच्या गाद्या बदलल्या, बॅटरी बदलली, माइकही बदलला, प्रत्येक नव्या भागाला ती बजावी, “तुम्ही आज आहात, उद्या नाही. हेडसेट म्हणजे मी!”

एके दिवशी कमानीलाच तडा गेला.

“काय कमानबाई, आता हेडसेट कोण?” माइकने टोमणा मारला.

आपल्यामागे हेडसेटचा आवाज कायमचा बंद पडेल, या भयाने कमानीला घेरले.

मृण्मयीने तिला अलगद सोडवले, तिच्याच खाचांची मापे घेऊन नवी कमान घडवली आणि बाकीचे भाग तिच्यात बसवले. मग हेडसेटमधून तोच निर्मळ स्वर खोलीभर उमटला.

“आजी, मी नीट बसले ना?” नव्या कमानीने बावरून विचारले.

मेजावर पडलेली जुनी कमान तडा विसरून ताठ झाली.

“अगं, ऐक तरी! किती सुरेख वाजतो आहोत आपण!”