ठोकळ्याची तिसरी गाडी

फार जुनी नाही, पण ठोकळ्याला युग लोटल्यासारखी वाटणारी ही गोष्ट. बाभळीचा तो ठोकळा वामनशेठ फरशीवाल्यांच्या पिकअपमध्ये राहायचा. घाटात गाडी थांबली की चाकामागे लागायचा आणि सगळा भार अंगावर घ्यायचा.

पहिली गाडी एका चढाच्या वळणावर दमायला लागली. शेठ म्हणाले, "ही कंपनीच बेकार." त्यांनी दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली आणि ताकदीची म्हणून फरशीही वाढवली. तीही त्याच वळणावर थांबली. मग तिसऱ्या कंपनीची, सगळ्यांत दांडगी डिझेल गाडी आली.

"मागच्या दोघींत चांगली कोण होती?" तिने ठोकळ्याला विचारलं.

"दोघीही चांगल्या होत्या गं."

"मी मात्र घाटातल्या त्या वळणावर थांबणार नाही. शेठ स्वतःच म्हणाले."

"म्हणाले खरे," ठोकळा थकून बोलला, "पण तुझ्या पूजेचा नारळ फुटायच्या आधी त्यांनी मला तुझ्यात आणून टाकलं."

तेवढ्यात मागे फरशी चढू लागली.

"शेठ, बास की आता," हमाल म्हणाला.

"चढव रे. ही काय आधीच्या गाड्यांसारखी आहे का?"

गाडीच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबत गेले. मग तिने हळूच विचारलं, "ते वळण इथून किती लांब आहे?"